हात मोकळे ठेवून शेवटचं गाणं कधी ऐकलंत?

मध्यलय
परवा भांडी घासताना इयरफोनची बॅटरी संपली. नळाचा आवाज तेवढा उरला. आणि मला आठवेचना की आत्ता दोन सेकंदांपूर्वी कानात काय चाललं होतं. राग वगैरे सोडा, बाई गात होत्या की बुवा, हेही सांगता येईना. पाऊण तास वाजत होतं ते!

तेव्हापासून हिशेब मांडतेय. गाणं ऐकते ते झाडलोट, प्रवास, चालणं यांच्या जोडीने. सिनेमा बघते तो कपड्यांच्या घड्या घालत. चित्रं बघते ती फोनवर, अंगठ्याने वर ढकलत. नुसतं बसून, हातात काही न घेता, एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याला किती दिवस झाले ते खरंच सांगता येत नाही. एके काळी आठ वर्षं गाणं शिकले आहे, म्हणून जास्तच टोचतंय.

तर प्रश्न असा, की कामाच्या कडेकडेने वाजलेल्या या गाण्याला ऐकणं म्हणायचं का? की शांतता नको म्हणून आपण नुसता आवाज लावून ठेवतो? तुम्ही शेवटचं 'नुसतं' गाणं कधी ऐकलंत तेही सांगा.

बोरूबहाद्दर
पहिला! (हा प्रतिसाद गाणं ऐकत लिहितोय. कोणतं ते विचारू नका.)

सुरपेटी
स्पष्ट लिहिते, राग नसावा. नाही, याला ऐकणं म्हणत नाहीत.

आमच्या बाई शिकवायला बसल्या की पहिली वीस मिनिटं गायचं नाही, फक्त तानपुरा छेडायचा. प-सा-सा-सा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली तो सुती दोरा असतो ना, तो केसभर पुढेमागे सरकवायचा. एका जागी येईपर्यंत तार मुकी वाटते, आणि त्या जागी आली की एकदम उघडते. ही जवारी. ती लागली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून कोणीच न छेडलेला गंधार (ग) ऐकू येतो. स्वयंभू गंधार. तो तिथे असतोच, पण मला ऐकू यायला चार महिने लागले. बाई रोज विचारायच्या, "आला का?" आणि मी खोटं "हो" म्हणायचे. त्यांना कळायचं.

भांडी घासताना तो आजवर कोणाला ऐकू आलेला नाही.

निवांत_नाही
@सुरपेटी, मान्य. पण सगळेच गंधार ऐकत बसले तर भांडी कोण घासणार?

बोरूबहाद्दर
स्वयंभू भांडी.

मध्यलय
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! पण सुरपेटीताई, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. मलाही तो ऐकू यायचा. परवा रात्री तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून पाहिलं. नाही आला.

सुरपेटी
अगं, फोनच्या स्पीकरमधून कसा येईल? खर्ज त्यातून धड बाहेरच पडत नाही. आधी चांगले हेडफोन लाव, मग स्वतःला दोष दे.

कोपऱ्यातला
'बसून ऐकलं तरच ऐकणं' हा नियम संगीताने केलेला नाही, तो मैफलीने आणि सभागृहाने केला. टेलेमान या जर्मन संगीतकाराने 1733 मध्ये रचनांचा एक मोठा संग्रह छापला, त्याचं नावच मेजावरचं संगीत. लोकांनी जेवावं, गप्पा माराव्यात, बाजूला हे वाजत राहावं. आज तेच आपण मान खाली घालून, खोकला दाबून ऐकतो.

पुढे फ्रेंच संगीतकार एरिक सातीने 1917 च्या सुमारास 'फर्निचर संगीत' ही कल्पना काढली. खुर्ची कशी खोलीत असते, तिच्याकडे कोणी टक लावून पाहत नाही, तसं संगीत. मार्च 1920 मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवून घेतलं. आणि फजिती अशी झाली की संगीत सुरू होताच लोक मुकाट्याने जागेवर येऊन बसले आणि लक्ष देऊन ऐकायला लागले. साती बिचारा ओरडून सांगतोय, बोला, फिरा, ऐकू नका! कोणी हललं नाही.

सुरपेटी
म्हणजे लोकांना ऐकायचंच होतं. माझाच मुद्दा झाला की.

कोपऱ्यातला
किंवा लोकांना सांगितलेलं ऐकायचं नसतं, एवढंच. 🙂

रीळवाला
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून राहवलं नाही.

मी तेवीस वर्षं सिनेमाचा प्रोजेक्टर चालवला. फिल्मचा, आताचा डिजिटल नव्हे. दिवसाला चार खेळ. लोक म्हणायचे, मजा आहे बुवा तुझी, फुकटात सिनेमे. त्यांना काय सांगणार? त्या तेवीस वर्षांत केबिनमधून मी एकही सिनेमा 'पाहिला' नाही.

सांगतो कसं ते. फिल्म सेकंदाला 24 चौकटी चालते, म्हणजे मिनिटाला 90 फूट. आमचा स्पूल 2000 फुटांचा, बावीस मिनिटांत रिकामा. तो संपायच्या आत शेजारच्या मशीनवर पुढचा भाग चढवून तयार ठेवायचा. संपायला आठेक सेकंद असताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. फक्त चार चौकटी, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. मग शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका, की इकडचं झाकायचं, तिकडचं उघडायचं. हुकलात तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. त्यात प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जळत आखूड होतात, त्यांच्यातलं अंतर बघत राहायचं. अंतर वाढलं की पडद्यावरचा नायक पिवळा पडतो.

त्यामुळे माझा डोळा कायम त्या उजव्या कोपऱ्यात. नायिका मधोमध रडत असली तरी मला काय त्याचं! सिनेमा मला माहीत झाला तो कानाने, केबिनमधल्या छोट्या स्पीकरवरून. संवाद तोंडपाठ, पार्श्वसंगीत तोंडपाठ. एका सिनेमात तर व्हायोलिनचा तुकडा सुरू झाला की मला कळायचं, आता चाळीस सेकंद उरले, चहाचा कप ठेव खाली.

आता सांगा, मी ते संगीत ऐकलं की नाही ऐकलं?

जाता जाता एक. पडद्यावर प्रत्येक चौकट दोनदा चमकते, मध्ये झडप फिरत असते. हिशेब केला तर जवळपास अर्धा वेळ पडदा काळा असतो. तुम्ही पैसे देऊन अंधार बघत होतात आणि तुम्हाला पत्ता नव्हता.

निवांत_नाही
काय प्रतिसाद आहे! रीळवालेकाका, स्वतंत्र धागा काढा.

अबोली
+1. काका, मग एकदा तरी खुर्चीत बसून अख्खा सिनेमा पाहिलात का?

दीडपट
मी आता जे लिहिणार आहे त्यावर जोडे पडणार याची कल्पना आहे. मी सिनेमे दीडपट वेगाने बघतो. अडीच तासांचा सिनेमा शंभर मिनिटांत. कथा कळते, संवाद कळतात, वेळ वाचतो.

सुरपेटी
वाचलेल्या वेळात काय करता?

दीडपट
दुसरा सिनेमा बघतो.

बोरूबहाद्दर
गाणी पण दीडपट ऐकता का हो? विलंबित ख्याल तासाभरात उरकत असेल.

कोपऱ्यातला
@दीडपट, वेळ वाचतो हे खरं, पण तुम्ही सिनेमा वाचताय, बघत नाही. शेवटचा संवाद संपल्यावर दिग्दर्शक चेहऱ्यावर कॅमेरा चार सेकंद ठेवतो, ते चार सेकंद 'रिकामे' नसतात. तुम्ही ते अडीचवर आणता आणि वर म्हणता की काही बुडालं नाही.

रीळवाला
दीडपटरावांची बाजू घेतो थोडी. मूकपटांच्या जमान्यात वेग ठरलेला नसे. कॅमेरावाला हाताने दांडा फिरवायचा आणि थिएटरवाला आपल्या सोयीने चालवायचा. दिवसात एक खेळ जास्त बसवायचा असला की फिल्म पळवायचे. 24 चा आकडा पक्का झाला तो बोलपट आल्यावर, कारण आवाज पळवला की पुरुषाचा आवाज चिमणीसारखा होतो. डोळा फसवून घेतो, कान फसत नाही.

पांढरी_एक
कान फसत नाही? काका, माझी कहाणी ऐका.

आमच्याकडे एकच टेपरेकॉर्डर होता आणि त्याची मोटर दमलेली. साधारण सहा टक्के हळू चालायची. वेग सहा टक्क्यांनी उतरला की सूर बरोब्बर एक अर्धा स्वर खाली येतो. हे मला आत्ता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. काळी एकमधली (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गायलेली) सगळी गाणी माझ्या घरात पांढरी एकमध्ये वाजायची, आणि गायकही जरा झोपेतून उठल्यासारखे. मी त्याच टेपवरून पेटीवर पंधरावीस गाणी बसवली. एक ना एक सूर जुळवून, फार अभिमानाने.

पहिल्यांदा चारचौघांत वाजवायची वेळ आली. गाणारीने मूळ गाण्याच्या सुरात उचललं आणि मी पांढरी एक धरून बसलेलो. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा सूर चढतोय." तिने काही न बोलता मोबाइलवर मूळ गाणं लावलं. ती बरोबर होती, आणि मी गेली सहा वर्षं चूक.

मूळ गाणी आता कधीही मिळतात, पण अजून मला ती घाईघाईने म्हटल्यासारखी वाटतात. (दीडपट, तुमचा त्रास मला उलट्या बाजूने कळतो.) नुसतं बसून ऐकायचा प्रयत्न केला तर मी गाणं ऐकतच नाही, मोटर ऐकतो.

मध्यलय
"गेली सहा वर्षं चूक" 😂 त्या गाणारीचं पुढे काय झालं?

पांढरी_एक
लग्न झालं. माझ्याशी. अजून काळी एकमध्येच गाते.

निवांत_नाही
धाग्याला विवाहमंडळाचं वळण लागायच्या आत विषयावर या.

जुनं_पान
मला यातला एकटेपणा खुपतो. पूर्वी घरात एक रेडिओ किंवा टेप, तो लागला की सगळ्यांनी तेच ऐकायचं. आवडलं नाही तर कुरकुरायचं, पण तेच. आता एका खोलीत चौघे बसलेत, प्रत्येकाच्या कानात वेगळं. 1979 मध्ये सोनीने पहिला वॉकमन आणला तेव्हा हेडफोन लावायला दोन भोकं दिली होती, आणि आवाज खाली आणून शेजारच्याशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटण. बनवणाऱ्यांनाच धाकधूक होती की एकट्याने ऐकत बसणं लोकांना उद्धटपणा वाटेल. पुढच्या मॉडेलांत ते बटण गेलं. धाकधूकही गेली असावी.

दीडपट
अहो, त्या एका रेडिओवर काय लागणार हे वडील ठरवायचे. त्या सामुदायिक आनंदाच्या आठवणी बहुधा बटण ज्यांच्या हातात होतं त्यांच्याच असतात.

जुनं_पान
हे मात्र लागलं. आमच्या घरी बटण माझ्याच हातात असायचं.

तुकडेजोड
चित्रांबद्दल कोणीच लिहीना, म्हणून मी.

डच चित्रकार रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच' या चित्राचं हजार तुकड्यांचं जिगसॉ आणलं होतं. आणताना विचार केला नाही की या चित्रात अंधारच अंधार आहे. चारशेच्या वर तुकडे नुसते काळे-तपकिरी. दीड महिना ते टेबलावर होतं. पहिल्या आठवड्यात सगळे काळे तुकडे सारखेच दिसायचे. तिसऱ्या आठवड्यात एक काळा हिरवट, एक लालसर, एक धुरकट असे वेगवेगळे ढीग करायला लागलो. घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

पिवळ्या अंगरख्याचे तीन तुकडे होते, त्यांच्यावर मळकट डाग. छपाईचा दोष समजून मी ते बाजूला ठेवले, दुकानदाराशी भांडायचं असंही ठरवलं. जोडल्यावर कळलं, तो डाग नाही, सावली आहे. मधला काळ्या कपड्यांतला कॅप्टन हात पुढे करून काही सांगतोय आणि त्या हाताची सावली शेजारच्याच्या पिवळ्या अंगावर पडलीय, बोटांसकट. हे चित्र मी आधी निदान पन्नासदा 'पाहिलं' होतं.

मग वाचत गेलो. मुळात ते रात्रीचं चित्र नाहीच. वर चढवलेलं व्हार्निश काळवंडत गेलं आणि लोकांनी तेच रात्र समजून नाव ठेवलं. 1642 चं चित्र, 1715 मध्ये दुसऱ्या इमारतीत हलवताना भिंतीवर मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. डावीकडचे दोन जण त्यात गेले ते गेलेच. 2021 मध्ये जुन्या नकलेवरून संगणकाच्या मदतीने तेवढ्या पट्ट्या तयार करून काही काळ बाजूला लावून दाखवल्या होत्या.

मध्यलय, माझं मत असं की हात मोकळे ठेवायची गरज नाही. माझे हात गुंतलेले होते म्हणूनच दीड महिना मी त्या चित्रासमोर टिकलो. मोकळ्या हाताने दोन मिनिटांत उठलो असतो. फक्त हातातलं काम त्याच चित्राचं हवं.

सुरपेटी
हे पटलं. तानपुरा छेडतानाही हात चालूच असतो.

बोरूबहाद्दर
आमच्या वरच्या मजल्यावरचं कार्टं दोन वर्षं पेटीवर एकच धून वाजवतंय, तीही अर्धी. रोज संध्याकाळी ठरावीक जागी अडखळतं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी काहीही करत असलो तरी त्या जागेपाशी माझा श्वास अडकतो. गेल्या मंगळवारी ते न अडखळता पुढे गेलं. पुढे काय आहे ते मला पहिल्यांदा कळलं. मी जिन्यात जाऊन टाळ्या वाजवून आलो. हे ऐकण्यात धरायचं का?

मध्यलय
धरायचं!!

अबोली
लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

वडिलांना पक्षाघात झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. 'पाणी' म्हणायला जायचे आणि तोंडातून 'पा पा' एवढंच, मग चिडून डोळे मिटून घ्यायचे. एके दिवशी मी त्यांची चादर बदलत होते आणि सवयीने काहीतरी गुणगुणत होते. एक जुनं गाणं, अंतऱ्याला माझे शब्द विसरले. आणि मागून पुढची ओळ आली. स्पष्ट, शब्द न् शब्द. मी वळून पाहिलं तर तेही दचकलेले.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं की असं होतं. बोलण्याचं काम बहुतेकांत मेंदूच्या डाव्या भागात चालतं, पण गाण्यात उजवी बाजूही सामील असते. 1970 च्या दशकात बोस्टनमध्ये यावरून उपचाराची रीतसर पद्धत बसवली गेली. छोटी वाक्यं सुरात म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टिचकी द्यायची. आम्ही 'पाणी दे' दोन सुरांवर बसवलं. 'पाणी' खाली, 'दे' वर. पाच आठवडे लागले. पुढे बरीच वाक्यं आली, बरीच नाही आली. पण अजूनही आमच्या घरात सगळे पाणी त्याच सुरात मागतात, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा.

इथे लिहायचं कारण वेगळं. सुरपेटीताई, माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी बसून गाणं ऐकलं नाही. त्यांना आवड आहे असंही कोणी म्हटलं नसतं. सकाळी दाढी करताना रेडिओ लागलेला असायचा, बस. त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं कोणतं गाणं चाललंय.

रीळवाला
🙏

सुरपेटी
अबोली, यावर काय लिहू? माझं पहिलं वाक्य मागे घेते. दुसरं नाही घेत. गंधार बसूनच ऐकावा लागतो.

कोपऱ्यातला
एक शंका. जुना रेडिओ तेच गाणं आठवड्यातून चारदा लावायचा. आज कडेला वाजतं ते दर वेळी वेगळं, यादी संपतच नाही. मुरायला तेच तेच लागतं. मध्यलयच्या कानात त्या पाऊण तासात दहाबारा वेगळी गाणी येऊन गेली असतील. एकच दहा वेळा वाजलं असतं तर ती आत्ता ते गुणगुणत असती, ऐकलं नाही असं म्हणत म्हणत.

मध्यलय
धागाकर्तीचा अहवाल.

काल हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवून, एक ख्याल ऐकायला बसले. हात मांडीवर. दुसऱ्या मिनिटाला नखं बघत होते. चौथ्याला पंख्यावर धूळ आहे हे दिसलं. सहाव्याला उठून स्टूल आणणारच होते, पण इथे येऊन काय सांगू या लाजेने बसून राहिले.

मग कधीतरी गाणारीचा श्वास ऐकू यायला लागला. तान घ्यायच्या आधी ती अगदी हळू नाकाने श्वास घेते, आणि एका ठिकाणी तो पुरेसा नव्हता. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दोन मात्रा आधी आवाज विरला, तर साथीच्या पेटीवाल्याने तेवढाच स्वर धरून ठेवला, तिला समेवर आणून सोडलं आणि गप्प झाला. कोणाला कळलंही नसेल. हे रेकॉर्डिंग माझ्याकडे दहा वर्षं आहे.

त्यानंतर झोप लागली. गंधार काही आला नाही.

आज भांडी घासताना तेच लावलं, मुद्दाम. त्या जागी आपोआप हात थांबला.

निवांत_नाही
आणि पंखा?

मध्यलय
तसाच आहे.

रीळवाला
अबोलीताईंनी मागे विचारलं होतं, उत्तर राहून गेलं. हो, पाहिला. निवृत्त झाल्यावर मुलीने तिकीट काढून नेलं. मधली रांग, गुबगुबीत खुर्ची. सिनेमा चांगला होता म्हणे. विसाव्या मिनिटाच्या सुमारास माझी नजर आपोआप उजव्या कोपऱ्यात गेली. आता फिल्मच नाही तर ठिपका कुठून येणार? तरी गेली. मग चाळिसाव्याला गेली, तासाला गेली. मध्यंतरानंतर मुलीने माझं मनगट धरून ठेवलं, कारण दर वीस मिनिटांनी मी उठायला बघत होतो. घरी येताना तिने विचारलं, "बाबा, शेवट आवडला का?" मी म्हटलं, स्पीकर डावीकडचा फाटलाय त्यांचा.

पुढच्या रविवारी पुन्हा नेणार आहे म्हणते. तोच सिनेमा.